बोलावण्यापुरता जवान

गिरण्यांच्या काळात रोज सकाळी दारात उभा राहणारा बदली कामगार आपल्या चळवळीने जवळून पाहिला आहे. काम असले की तो गिरणीचा. काम सरले की कोणाचाच नाही. प्रादेशिक सेनेतील जवानाची गत याहून फारशी निराळी नाही.

१९४८ च्या कायद्याने ही राखीव सेना उभी राहिली. १९६२, १९६५ व १९७१ च्या युद्धांत तिचे जवान देशाच्या कामी आले. उमेदवाराला स्वतःचा नोकरीधंदा असावा, ही भरतीची अटच आहे. सरकार बोलावील तेव्हा तो सोडून त्याने गणवेश चढवायचा. परतल्यावर त्याला कामावर घेण्याचे बंधन कायद्याने मालकावर घातले आहे, हे योग्यच. परंतु स्वतःच्या तुकड्यावर राबणाऱ्या शेतकऱ्याचे काय?

खरा अन्याय निवृत्तिवेतनाचा आहे. त्यासाठी जवानाची १५ वर्षे प्रत्यक्ष सेवेत भरावी लागतात. घरी राहून बोलावण्याची वाट पाहिली, ती वर्षे हिशेबात धरली जात नाहीत. किती काळ बोलवायचे हे ठरवणार सरकार, आणि काळ कमी भरला म्हणून हक्काला मुकणार जवान!

युद्धखोरीला आपला विरोध आहेच. पण गणवेश चढवला म्हणून श्रमिक श्रमिक राहत नाही, असे थोडेच आहे? जितकी सेवा, तितके निवृत्तिवेतन, ही मागणी आपण उचलली पाहिजे. तो जवान ती मागू शकत नाही. सैनिकाला संघटना बांधण्याची मुभा नसते.