सूड नेमका कोणावर?

रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या हेदवीत चित्रपटगृह नाही, तरी संभाजीराजांवरच्या ‘छावा’बद्दल इथे घरोघर बोललं गेलं. साहजिकच होतं. संगमेश्वर आमच्याच जिल्ह्यातलं. १ फेब्रुवारी १६८९ रोजी मुकर्रबखानाने संभाजीराजांना तिथेच पकडलं आणि ११ मार्चला औरंगजेबाने त्यांना हाल हाल करून मारलं. लक्ष्मण उतेकरांच्या चित्रपटात शेवटी हे हाल दिसतात: नखं उपटली जातात, जखमांवर मीठ चोळलं जातं, डोळ्यांत तापलेल्या सळ्या जातात. एवढं दाखवायला हवं होतं का, असं या सदराच्या वाचकांनी विचारलं आहे.

हवं होतं. घडलेलं क्रौर्य सोज्वळ करून सांगणं म्हणजे ज्याने ते सोसलं त्याच्यावर आणखी एक अन्याय. माझा आक्षेप वेगळा आहे. प्रेक्षकाचं रक्त उकळतं ठेवून चित्रपट संपतो. तो संताप घेऊन त्याने जायचं कुठे? ज्याच्यावर तो काढायचा तो औरंगजेब १७०७ मध्येच मेला.

मग संताप हाताशी असलेल्यावर निघतो. भरूचमध्ये एकाने छळाचा प्रसंग चालू असताना पडदाच फाडला. १७ मार्च २०२५ ला नागपुरात दंगल झाली, आणि चित्रपटामुळे औरंगजेबाविरुद्धच्या भावना पेटल्याचं खुद्द मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितलं. दंगल चित्रपटाने घडवली असं मी म्हणणार नाही. औरंगजेबाची कबर उखडण्याच्या मागणीवरून राजकारण आधीपासून तापवलं जात होतं. पण त्या रात्री ज्यांच्या गाड्या जळाल्या, त्यांचा १६८९ शी काय संबंध? त्याच दिवसांत आमच्याकडे शिमगा होता. आमच्या नमन-खेळ्यांतला संकासुर असुर असूनही लोक त्याला नवस बोलतात. खलनायकाला भिऊन, हसून, त्याच्यासोबत नांदायची रीत इथे जुनी आहे.

आणि शिर्क्यांचं काय? त्यांचं शृंगारपूर संगमेश्वर तालुक्यातच. चित्रपटात गणोजी आणि कान्होजी शिर्क्यांना फितूर दाखवल्यावर घराण्याच्या आजच्या वंशजांनी जाहीर हरकत घेतली. आम्ही आडनाव घेतलं नाही, असं सांगत उतेकरांनी दिलगिरी व्यक्त केली. पण आडनाव सगळ्यांना माहीत होतं. शिर्के आडनावाच्या पोराने वर्गात काय काय ऐकून घ्यायचं? आणि संभाजीराजांची राणी येसूबाईही त्याच घरची लेक होती.

मराठ्यांनी सूड घेतला नाही असं नाही. संताजी घोरपड्यांनी बादशाही छावणीत शिरून खुद्द बादशहाच्या तंबूचे सोन्याचे कळस कापून नेल्याची हकिकत आपण लहानपणापासून ऐकत आलो. पुढे राजाराम, ताराबाई, धनाजी यांनी औरंगजेबाला दख्खनमध्ये असं गुंतवून ठेवलं की तो दिल्लीला परतलाच नाही. हा सूड बादशहाच्या फौजेवर आणि सत्तेवर होता; तो घ्यायला अठरा वर्षं लागली. ‘छावा’ त्याच्या उंबऱ्यावर थांबतो.

सूड मागायचा हक्क सर्वांत जास्त कोणाचा? संभाजीराजांचे पुत्र शाहू यांचा. बापाला असं मारलेलं, स्वतःचं बालपण आणि तारुण्य मोगलांच्या कैदेत गेलेलं. १७०७ मध्ये सुटल्यावर ते खुलताबादला औरंगजेबाच्या कबरीवर गेले, असं इतिहासकार सांगतात. त्यात मुत्सद्दीपणा असेल, कैदेत मिळालेल्या वागणुकीची जाणीवही असेल. पण ज्याचा बाप गेला तो कबरीपाशी जाऊन शांतपणे परतला, हे आज ती उखडायला निघालेल्यांना कोणी सांगत नाही.

क्रौर्य पूर्ण दाखवूनही प्रेक्षकाला न भडकवणं दिग्दर्शक एलेम क्लिमोव्हला जमलं. त्याच्या १९८५ च्या ‘कम अँड सी’मध्ये नाझी बेलारूसमधलं एक गाव माणसांसकट जाळतात. नंतर चित्रपटाचा नायक असलेला कोवळा पोरगा चिखलातल्या हिटलरच्या तसबिरीवर गोळ्या झाडत सुटतो आणि पडद्यावर काळ उलटा धावू लागतो. शेवटी आईच्या मांडीवरचा तान्हा हिटलर दिसतो, आणि पोराचा हात थांबतो. जळालेलं गाव आपण विसरत नाही, पण शेजाऱ्याच्या दारावर धोंडा घेऊन जावंसंही वाटत नाही.

आपल्याकडे संताजी-धनाजींवर असा चित्रपट कोणी काढला, तर रक्त कितीही असो, मी पहिल्या दिवशी चिपळूणचं चित्रपटगृह गाठीन.