पातेलं इतक्यात घासू नका

श्रावणात दापोलीच्या बाजारात टाकळा, कुर्डू, भारंगी यांच्या शेजारी पानांत बांधलेली रानची अळंबी येऊन बसते. भाव ऐकून आपण नाक मुरडतो आणि तरी घेतोच. हल्ली मात्र घेताना कुणीतरी हटकून म्हणतं, "बघ हो, नाहीतर त्या ऑस्ट्रेलियातल्या बाईसारखं व्हायचं!" आणि सगळ्याजणी हसतात.

ती बाई, एरिन पॅटरसन, आता आपल्या बायकांच्या गप्पांतली झाली आहे. व्हिक्टोरिया प्रांतात लिऑन्गाथा नावाचं लहानसं गाव आहे. तिथे २९ जुलै २०२३ रोजी तिने सासू, सासरे, मावससासू आणि तिचे यजमान यांना जेवायला बोलावलं. नवरा वेगळा राहत होता. त्यालाही आमंत्रण होतं, पण तो गेला नाही. कणकेच्या आवरणात भाजलेल्या मांसाच्या पदार्थात अत्यंत विषारी अळंबी होती. तिघं गेली, मावससासूचे यजमान तेवढे वाचले. चुकून घडलं, असं ती शेवटपर्यंत सांगत राहिली. ज्यूरीने ७ जुलै २०२५ रोजी तिला दोषी ठरवलं आणि सप्टेंबरात जन्मठेप झाली, तीसुद्धा ३३ वर्षांपर्यंत सुटकेचा अर्जदेखील करता येणार नाही अशी. खटला चालू असताना कोर्टाबाहेर जागा मिळवायला लोक पहाटेपासून रांगा लावत होते म्हणे! आणि आपण इथे दापोलीत बसून पाहुण्यांच्या ताटल्या कोणत्या रंगाच्या होत्या आणि तिची कोणत्या, यावर वाद घालत होतो.

याचं कारण उघड आहे. दरोडा, मारामारी या बातम्या आपण वाचतो आणि पान उलटतो. जेवणातल्या विषाची बातमी मात्र थेट आपल्या प्रांतातली. वाचता वाचता आपण मनात स्वयंपाकघर उभं करतो. डाळ कुणी शिजवली, फोडणी कुणी दिली, मीठ कुणी चाखलं, पहिल्या पंगतीला कोण बसलं, वाढणारी मागाहून जेवली की नाही? या कुतूहलाला मी नावं ठेवणार नाही. मलाही आहे ते. पण ही चौकशी कशी डावाच्या मागोमाग जाते, ते पाहिलंत का? ज्या हातात डाव, त्या हाताकडे बोट.

इतक्या लांब कशाला जायचं! आपल्या शेजारच्या रायगड जिल्ह्यातली २०१८ सालची गोष्ट घ्या. खालापूर तालुक्यातलं महड, अष्टविनायकांपैकी वरदविनायकाचं. (आपल्याकडे पुष्कळांनी ते महाड समजून तिथल्या नातेवाइकांना घाबरून फोन केले होते!) १८ जूनला तिथे एका घरी वास्तुशांत होती. रात्री जेवणं झाली आणि माणसांना उलट्या होऊ लागल्या. ८०हून अधिक माणसं आजारी पडली, पाच दगावली. त्यांत चार मुलं होती. आधी सगळ्यांना वाटलं, अन्न नासलं असेल. मग पोलिसांनी नात्यातल्याच एका विवाहितेला अटक केली. तिने डाळीत कीटकनाशक मिसळलं, सासरची माणसं रंगावरून आणि स्वयंपाकावरून टोमणे मारत म्हणून, असा पोलिसांचा आरोप होता.

त्या दिवसांत जिथे चार बायका जमत तिथे दोन तट पडत. एक म्हणे, "कसली ही बाई, हिला जन्म कुणी दिला!" दुसरा हळूच म्हणे, "टोमणे मारून पाहा म्हणावं आता!" आणि त्यावर खसखस पिकत असे. मला दोन्ही पटलं नाही. त्या चार मुलांनी कुणाला कसला टोमणा मारला होता? आणि आरोप म्हणजे काही निकाल नव्हे. तो न्यायालयात ठरतो, हळदीकुंकवाला नाही. रंगावरून, पोळीच्या आकारावरून, आमटीच्या चवीवरून सुनेला रोज बोलणं हे मुळातच वाईट आहे. ते थांबवण्यासाठी विषाची भीती घालावी लागत असेल तर त्या घरात काही शिकलेलं नाही, एवढंच म्हणेन.

पण त्या गप्पांतून एक नवी थट्टा मात्र घराघरात शिरली. ताटावर बसता बसता मामंजी किंवा दीर म्हणतात, "काय गं, आमटीत आज काही घातलं नाहीस ना?" सगळे हसतात, तीही हसते. आणि मग एखाद्या दिवशी घरात खरोखरच कुणाला उलट्या झाल्या, तर तिच्या मनात पहिलं काय येत असेल? डॉक्टर नाही येत. येतं, "आता माझ्यावर येणार."

आपल्याच तालुक्यातल्या एका घरची हकीगत मला कळली आहे. सत्यनारायणाची पूजा, चाळीसेक पानं. संध्याकाळी सात-आठ जणांना उलट्या सुरू झाल्या. धाकट्या सुनेने काय करावं? तिने तडक विहिरीवर जाऊन सगळी पातेली घासली, उरलेलं अन्न माडाच्या आळ्यात पुरलं, ओटा फिनेलने धुतला. घाण निघून जावी, कुणी बोलू नये, एवढाच हेतू. डॉक्टरांनी विचारलं, काय काय खाल्लं? तर म्हणाली, "नेहमीचंच, वरणभात." माणसं दोन दिवसांत बरी झाली. पण तिच्यामागे बोलणं लागलं ते लागलंच. "एवढ्या घाईने भांडी का घासली?" असं जावा विचारू लागल्या. प्रसादाच्या दुधाचा दोष होता की दुपारपासून उघड्या राहिलेल्या भाताचा, हे सांगायला आता कण शिल्लक नव्हता. जे तिला निर्दोष ठरवू शकलं असतं, तेच तिने भीतीपोटी विहिरीवर धुऊन टाकलं!

म्हणून सांगते, अशा वेळी पातेलं घासू नका. लिऑन्गाथाच्या प्रकरणातही घराबाहेरच्या कचऱ्याच्या पेटीतून काढलेल्या उरल्यासुरल्या अन्नात अळंबीचं विष सापडलं, आणि तो मोठा पुरावा ठरला. अन्न उरलेलं असलं तर ते बोलतं. दोषी असेल तिच्याविरुद्ध, नसेल तिच्या बाजूने.

पहिली बातमी किती फसवी असते, तेही लक्षात असू द्या. सांगली जिल्ह्यात म्हैसाळला २० जून २०२२ रोजी दोन भावांच्या घरांतली मिळून ९ माणसं मृत सापडली. कर्जापायी सामूहिक आत्महत्या, असं सगळीकडे छापून आलं. सावकारांची धरपकड झाली. आठवड्याभराने पोलिसांनी सांगितलं की ही हत्या आहे, आणि एका मांत्रिकाला अटक केली. तोवर आपण हळहळून, चर्चा करून मोकळ्या झालो होतो.

आता डॉक्टरांना नेमकं काय हवं असतं ते पाहू, कारण घड्याळ बरंच काही सांगून जातं. पेढे, बासुंदी, दुधाचे पदार्थ किंवा तासन् तास बाहेर राहिलेला भात यांनी बाधा झाली तर दोन-चार तासांतच उलट्या सुरू होतात. भात पुन्हा गरम केला म्हणून त्यातला दोष जात नाही बरं का! दुसऱ्या दिवशी जुलाब आणि ताप आला तर कारण वेगळं असू शकतं. आपल्याकडे हर्णैचा बांगडा किंवा सुरमई बर्फाशिवाय उन्हात राहिली आणि ती खाऊन तासाभरात तोंड लाल झालं, अंगाला खाज सुटली, डोकं ठणकू लागलं, तर दोष मासळीचा असतो, मसाल्याचा नव्हे. तो दोष शिजवून मरत नाही. कीटकनाशकाची तऱ्हा निराळी. घाम, तोंडाला लाळ, डोळ्यांतून पाणी, बुबुळाची काळी बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, छातीत घरघर. असं दिसलं की एक मिनिट घालवायचं नाही. त्यावर दवाखान्यात इंजेक्शन असतं, पण वेळेत पोचायला हवं. सर्वांत दगाबाज विषारी अळंबी. सहा-बारा तास काहीच होत नाही. मग उलट्या-जुलाब, मग बरं वाटतं, माणसं म्हणतात उतार पडला, आणि तेवढ्यात यकृत निकामी होऊ लागतं. अळंबीच्या भाजीत चांदीचं नाणं किंवा लसणीची पाकळी टाकून, काळी पडते का पाहतात ना, त्या परीक्षेवर काडीचाही विश्वास ठेवू नका. विषारी अळंबीने नाणं काळं पडतं ही निव्वळ समजूत आहे. ओळखीच्या, वर्षानुवर्षं काढणाऱ्या बाईकडूनच घ्या, नाहीतर घेऊ नका.

तेव्हा एकाच वेळी दोघातिघांना त्रास सुरू झाला, की आधी १०८ला फोन. मग ताटं-पातेली आहेत तशी झाकून बाजूला. प्रत्येक पदार्थाचा वाटीभर नमुना स्वच्छ, कोरड्या डब्यात, वेगवेगळ्या चमच्याने काढून फ्रीजमध्ये ठेवा आणि वर मोठ्या अक्षरांत "खाऊ नये" अशी चिठ्ठी लावा, नाहीतर रात्री भूक लागलेला एखादा चिरंजीव तोच डबा उघडायचा! पाठकोऱ्या कागदावर लिहा: कोण किती वाजता जेवलं, काय खाल्लं, काय नाही खाल्लं, त्रास कधी सुरू झाला. न जेवलेल्या माणसाची आणि न खाल्लेल्या पदार्थाची नोंद फार मोलाची असते. हा कागद दवाखान्यात न्या. एखाद्या बाटलीचा संशय असेल तर ती बाटलीही न्या, नाव वाचता आलं नाही तरी.

मिठाचं पाणी पाजून, घशात बोटं घालून उलटी काढायची आपली जुनी सवय सोडा. रॉकेल किंवा जळजळीत काही पोटात गेलं असेल, किंवा माणूस ग्लानीत असेल, तर ते छातीत जाऊन दुप्पट घात होतो. दूध, तूप, लिंबूपाणी हेही आपल्या मनाने नको. दिल्लीच्या एम्स रुग्णालयात राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे. त्याचा विनाशुल्क नंबर १८०० ११६ ११७, दिवसरात्र चालतो. कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवा.

आणि हो, संशय माणसावर घेण्याआधी एकदा मोरीखाली आणि पडवीत पाहा. आपल्याकडे हापूसच्या मोहोरावर मारायच्या फवाऱ्याला सर्रास "औषध" म्हणतात. उंदराचंही औषध, ढेकणाचंही औषध! घरात आलेल्या नव्या सुनेने, पाहुणीने किंवा पोराने काय समजावं? आणि उरलेलं औषध कुठे जातं, तर सरबताच्या बाटलीत. बिहारमध्ये गंडामन गावी १६ जुलै २०१३ रोजी शाळेतलं दुपारचं जेवण खाऊन २३ मुलं गेली. तेलात मोनोक्रोटोफॉस नावाचं कीटकनाशक निघालं. तेलाला वास येतोय, असं स्वयंपाक करणाऱ्या बाईने मुख्याध्यापिकेला सांगितलं होतं असं तेव्हा छापून आलं. तिचं कुणी ऐकलं नाही. ती स्वतःही ते खाऊन आजारी पडली. मुख्याध्यापिकेला २०१६ साली शिक्षा झाली. रांधणाऱ्या बाईच्या नाकाला किंमत द्यायला हवी होती, नाही का?

मुंबईत मालाडला २०२२च्या जुलैत एका गृहिणीने उंदरांसाठी टोमॅटोला विष लावून ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी टीव्ही पाहता पाहता तोच टोमॅटो स्वतःच्या नूडल्समध्ये चिरला. बिचारी गेली. कुणाचा राग नाही, कुणाचा लोभ नाही. अशा बातम्यांसाठी कोर्टाबाहेर रांगा लागत नाहीत. उंदराचं विष खाण्याच्या वस्तूला लावून स्वयंपाकघरात ठेवूच नये. पिंजरा लावा. फवाऱ्याच्या बाटलीवर रंगीत त्रिकोण असतो. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. बाटली मूळचीच ठेवा, कुलपात ठेवा, आणि रिकामी झाली की तिला छिद्र पाडा म्हणजे कुणी तीत तेल भरणार नाही.

राहता राहिली भांडी. "भांडी राहू देत, कुणी हात लावू नका" हे त्या घाईत कुणी म्हणायचं? धाकट्या सुनेने म्हटलं तर "हिला कसं सुचलं?" असं होतं. म्हणून सासूबाईंनो, थोरल्या जाऊबाईंनो, हे तुम्ही म्हणा, चार माणसांत, मोठ्याने. पोलीस आले तर नमुने त्यांच्या स्वाधीन करा. ते पंचांसमक्ष सील करतात, म्हणून त्या वेळी घरातलं कुणीतरी जवळ उभं राहा. नाही आले, आणि सगळी बरी होऊन डॉक्टरांनी नको म्हटलं, की मगच ते अन्न खोल खड्ड्यात पुरा. कुत्र्याला घालू नका, गोठ्यात तर मुळीच नको.