तार डोक्यावर, धोका कुंपणात

कोकण रेल्वेच्या मार्गाचे विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झाले. डिझेलचा धूर गेला, खर्च वाचला. पण रुळाकडेच्या बागायतदाराला या विजेबरोबर कसं राहायचं, हे कोणी नीट सांगितलं का?

वरच्या तारेत २५ हजार व्होल्ट असतात. शेतपंपाच्या थ्री फेज लाईनच्या साठपट. तारेला हात लागायचीही गरज नाही, फार जवळ गेलं तरी वीज झेप घेते. म्हणून रेल्वेचे कर्मचारीसुद्धा लाईन बंद करून परवाना मिळाल्याशिवाय तारेच्या दोन मीटरच्या आत काम करत नाहीत. आंबे काढायचा ॲल्युमिनियमचा झेला किंवा उभा धरलेला पाईप हे अंतर सहज ओलांडतो.

दुसरा धोका दिसत नाही. इंजिनाने घेतलेली वीज रुळांतून आणि काही जमिनीतून परत जाते. रुळाला समांतर लांब तारकुंपण असेल, तर कुठलीही वायर न जोडता त्यात वीज उतरू शकते. कुंपण जितकं लांब आणि रुळाजवळ, तितकी ती जास्त. हाताला झिणझिण्या आल्या की लोक वायरमनला बोलावतात. पण त्याच्या लाईनमध्ये दोष असेलच असं नाही.

यावर उपाय आहे. कुंपण सलग न ठेवता मध्ये तार तोडून तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याला चांगलं अर्थिंग द्यायचं. हे काम जाणकार इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावं.

रेल्वेच्या खांबापासून रुळाला जोडलेली लोखंडी पट्टी म्हणजे भंगार नव्हे. वरचा इन्सुलेटर फुटला तर वीज या पट्टीतून रुळात जाते आणि सबस्टेशनात लाईन ट्रिप होते. पट्टी काढली तर खांबच जिवंत होऊ शकतो. अशा खांबाला शेळी बांधणं, कपड्यांची तार ताणणं म्हणजे जिवाशी खेळ.

खरी अडचण जबाबदारीची आहे. रेल्वे आपल्या हद्दीतल्या लोखंडाचं अर्थिंग बघते. हद्दीबाहेरचं कुंपण शेतकऱ्याचं, आणि त्याला माहितीच नाही. रुळाकडेच्या ग्रामपंचायतींनी ग्रामसभेत ठराव करून रेल्वेकडे कुंपणांची तपासणी मागायला हरकत नाही.

तार तुटलेली दिसली तर लांबच थांबा, इतरांना थांबवा आणि जवळच्या गेटमनला, स्टेशन मास्तरला किंवा १३९ वर कळवा.