मजकूर पाठवा, चित्र नको

सप्टेंबर उजाडला की आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लेख यायला लागतात आणि माझी झोप उडते. लेख वाईट असतात म्हणून नव्हे, ते नीट उघडत नाहीत म्हणून. एक पीडीएफ, एक पेजेसमधला, एक व्हॉट्सअ‍ॅपवर काढलेला फोटो आणि एक हमखास कृतिदेवमध्ये टाईप केलेला.

गेल्या वर्षी इथल्या एका काकूंनी दिवंगत काकांच्या आठवणींची फाईल दिली. इंग्लंडमधली पहिली थंडी, पहिली खोली, सगळं त्यात होतं म्हणे. माझ्या पडद्यावर मात्र इंग्रजी अक्षरांची खिचडी. कारण साधं आहे. कृतिदेवमध्ये डोळ्यांना ‘क’ दिसतो, पण फाईलमध्ये साठतो इंग्रजी ‘डी’. फॉन्ट गेला की मराठी गेली. “म्हणजे यांनी लिहिलेलं गेलं का रे?” काकूंनी विचारलं. गेलं नाही. पण रूपांतर करून जोडाक्षरं तपासण्यात तीन रविवार गेले.

म्हणून आज थोडं भांडतो.

देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे. आता जुन्या फॉन्टना सबब नाही.

“पीडीएफ सगळीकडे सारखीच दिसते ना?” दिसते, छापील कागदासारखी. पण दुरुस्तीसाठी त्यातला मराठी मजकूर कॉपी करून बघा. वेलांट्या पुढेमागे होतात, जोडाक्षरं फुटतात. पीडीएफ तयार अंकाची करावी, कच्च्या लेखाची नाही.

आता वादाचा मुद्दा. “डॉक्स सगळ्यांकडे उघडतं.” उघडतं, पण त्याचं घर एका कंपनीच्या वर्डमध्ये आहे. २००८ साली त्यालाही आयएसओचा शिक्का मिळाला, तरी वर्ड आपणहून जतन करतो तो जुन्या सवयी सांभाळणारा ‘ट्रान्झिशनल’ प्रकार. ओडीटी २००६ पासून आयएसओ मानक आहे आणि कुणा एका कंपनीच्या मालकीचं नाही. वर्ड ते उघडतो आणि जतनही करतो, गूगल डॉक्सही करतं, लिब्रेऑफिस तर फुकट आहे. संपादन करायच्या कागदपत्रांसाठी ब्रिटिश सरकारनं २०१४ मध्ये हाच ओडीएफ परिवार निवडला.

ओडीटीतही मांडणी थोडी हलते, मान्य. पण आम्हाला तुमची मांडणी नकोच आहे, मजकूर हवा आहे. पेजेसवाल्यांना ओडीटी करता येत नाही, त्यांनी खुशाल डॉक्स पाठवावं. बाकीच्यांनी ‘सेव्ह अ‍ॅज’मध्ये एकदा ओडीटी निवडायला किती वेळ लागतो?

परदेशात आपण मराठीच्या भवितव्याची चिंता व्यासपीठावरून फार करतो. ती आधी फाईलमध्ये करू या. तुम्ही आज लिहिलेलं वीस वर्षांनी तुमच्या घरचं कुणीतरी उघडणार आहे. तेव्हा त्याला मराठी दिसली पाहिजे.