किरणोपचार आणि मर्मरक्षण

पंचवटींतील एका कुटुंबांतून आम्हांस नुकतेंच विचारण्यांत आलें कीं, घरांतील बावीस वर्षांच्या मुलीस हॉजकिनचा लसग्रंथींचा कर्करोग झाला, औषधांनीं छातींतील गांठ विरघळली. मग आतां 'शेक' कशासाठीं? आजीबाईंचें म्हणणें, पोरीचें काळीज भाजून निघेल. प्रश्न भाबडा वाटेल, पण अस्थानीं नाहीं. अस्थानीं आहे तो 'शेक' हा शब्द. या उपचारांत ऊब नसते. किरण दिसत नाहींत कीं अंगाला जाणवत नाहींत. पेशींतील गुणसूत्रें तोडणें हें त्यांचें काम.

थॉमस हॉजकिन यानें १८३२ सालीं या रोगाचें वर्णन केलें; क्ष-किरण सांपडले १८९५ मध्यें. पुढें गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत अमेरिकेंत स्टॅनफर्ड येथें हेन्री कॅप्लन यांनीं मान, काखा व छातीचा मध्यभाग यांवर एकत्रच किरण सोडण्याची पद्धत रूढ केली. मात्रा ४० ग्रेच्या आसपास असे. असाध्य मानलेला रोग बरा होऊं लागला, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु तरुणपणीं वांचलेलीं माणसें दहा, वीस, तीस वर्षांनीं पुनः दवाखान्याची पायरी चढूं लागलीं. कोणाच्या हृदयाच्या रोहिण्या अरुंद झालेल्या, कोणाच्या झडपा निबर. स्त्रियांना स्तनाचा कर्करोग. आजीबाईंच्या भीतीचें मूळ येथें आहे.

सुश्रुतानें ग्रंथि व अर्बुद यांचें निदान सांगितलें, आणि शस्त्र चालवितांना मर्में राखावीं असा दंडकही घातला. त्याच्या १०७ मर्मांत हृदय आहेच. एवढ्यावरून प्राचीनांस क्ष-किरण ठाऊक होते असें म्हणणारांशीं आमचें जमत नाहीं; पण मर्म राखून घाव घालण्याची ही दृष्टि आजच्या किरणवैद्यासही लागते.

तो आधीं रोग्यास निश्चल निजवून सी. टी. यंत्रानें छातीचे काप टिपतो. औषधांपूर्वींचें पेट चित्र त्यांवर बसवून गांठ मूळ कोठें होती तें ठरवितो, आणि प्रत्येक कापावर हृदय, फुप्फुसें, स्तन यांच्या कडा रेखाटतो. मग कोणत्या दिशेनें किती किरण सोडले असतां कोणत्या अवयवाच्या किती भागास किती मात्रा पोंचेल, याचा हिशोब पदार्थवैज्ञानिक मांडतो. यांत एक पेंच आहे. अनेक दिशांनीं किरण सोडले तर गांठीच्या जागीं ते नेमके एकवटतात, हृदयावरील मोठी मात्रा टळते. पण थोडथोडे शिंतोडे स्तनांवर व फुप्फुसांवर दूरवर उडतात. तरुण मुलीच्या बाबतींत ही तडजोड फार विचारानें करावी लागते.

श्वासाचाही उपयोग होतो. दीर्घ पूरक करून वीसेक सेकंद कुंभक केला कीं फुप्फुसें फुगतात, हृदय खालीं सरकतें, आणि तेवढ्या अवधींत किरण सोडतात. संध्येंतील प्राणायाम घोटलेल्या घरांत हें निराळें शिकवावें लागूं नये!

मात्राही उतरली आहे. जर्मन वैद्यांनीं २०१० सालीं दाखविलें कीं, आरंभींच्या सौम्य रोगांत औषधांचीं दोन आवर्तनें व २० ग्रे पुरतात. सर्वस्वीं किरण वगळले तर रोग उलटण्याचा संभव कांहींसा वाढतो. तरी तो उलटल्यावरही उपाय असतो, म्हणून कांहीं रोग्यांना वैद्य ते देत नाहींत. सबब 'शेक नको' असें घरच्या बैठकींत ठरवूं नये. हृदयावर सरासरी किती ग्रे पडतील, स्तनांवर किती, आणि किरण वगळले तर काय, हें वैद्यासच विचारावें; आणि मुलगी बावीस वर्षांची आहे, तेव्हां तिनें विचारावें.

किरणयंत्रें आतां नाशकांतही आहेत. परळचें टाटा रुग्णालय १९४१ पासून या कामीं आहे, आणि त्याच्या खारघर येथील संस्थेंत २०२३ पासून प्रोटॉन वापरतात. क्ष-किरण आरपार जातात. प्रोटॉन ठराविक खोलीवर शक्ति टाकून थांबतात. तरी ते सर्वांसच लागतात असें नाहीं.

उपचार संपल्यावर मात्रेचा तपशील असलेला कागद मागून घ्यावा. मुलगी सासरीं गेली तर तो तिच्याबरोबर जावा. लग्नाच्या बोलण्यांत रोग लपविणाऱ्या घरांत नेमका तोच नाहींसा होतो, आणि पुढें तिची छाती दुखूं लागली तर नव्या वैद्यास कांहींच कळत नाहीं.