पूरग्रस्तांना पहिला आधार शेजाऱ्यांचा. पण तो पुरणार किती?

इस्लापूर (जि. नांदेड) : मराठवाड्याची ओळख वर्षानुवर्षे दुष्काळी प्रदेश अशीच करून दिली जाते. २०२५ च्या पावसाळ्याने ही ओळख अपुरी असल्याचे दाखवून दिले. १७ आणि १८ ऑगस्टच्या दरम्यान मुखेड तालुक्यात झालेल्या अतिवृष्टीने लेंडी प्रकल्पाच्या परिसरातील रावणगाव, हसनाळ, भासवाडी ही गावे पाण्याने वेढली गेली आणि बचावकार्यासाठी लष्कराला पाचारण करावे लागले. सप्टेंबरमध्ये धाराशिव, बीड, लातूर, जालना आणि शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात नद्यांनी पात्र सोडले. राज्यात ६८ लाखांहून अधिक हेक्टरवरील पिकांना फटका बसल्याचे सरकारनेच सांगितले. या आपत्तीत 'गावकरी एकमेकांच्या मदतीला धावले' हे वाक्य प्रत्येक बातमीत होते. ते खरेही होते. मात्र या मदतीची ताकद किती आणि तिच्या मर्यादा कोणत्या, याचा विचार पूर ओसरल्यावर फारसा होत नाही.

पैनगंगेच्या खोऱ्यातील इस्लापूर परिसरातून पाहिले, तर हा प्रश्न अधिक स्पष्ट होतो. किनवट तालुक्यातील हे गाव नांदेड आणि यवतमाळ जिल्ह्यांच्या सीमेजवळ वसले आहे. जवळच सहस्रकुंडाचा धबधबा आहे. पावसाळ्यात नदी भरून वाहू लागली, की शहरातील पर्यटकांची पावले तिकडे वळतात. तेच पाणी नदीकाठच्या कापूस आणि सोयाबीनच्या रानात शिरते, तेव्हा त्याची बातमी होतेच असे नाही. येथे पाऊस नसला, तरी वरच्या भागात झालेला पाऊस आणि इसापूर धरणातून सोडलेले पाणी नदीची पातळी वाढवू शकते. ओढे-नाले फुगले आणि पूल पाण्याखाली गेले, की वाड्या, तांडे आणि पाडे यांचा एकमेकांशी संपर्क तुटतो.

पहिले काही तास

राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे महाराष्ट्रातील मुख्य केंद्र पुण्याजवळ आहे. राज्य दलाच्या तुकड्या धुळे आणि नागपूर येथे असतात. पावसाळ्यात काही तुकड्या आधीच जिल्ह्यांत पाठविल्या जातात, हे मान्य केले तरी सीमावर्ती गावापर्यंत बोट पोचण्यास काही तास लागणारच. त्या तासांत जे होते, ते गावातील माणसेच करतात. गोठ्यातील जनावरांचे दावे सोडणे, म्हाताऱ्या माणसांना खांद्यावर घेऊन शाळेच्या किंवा मंदिराच्या उंचवट्यावर नेणे, कोरड्या राहिलेल्या घरात सामाईक चूल पेटविणे ही कामे कोणाच्या आदेशाची वाट पाहत नाहीत.

यात केवळ माणुसकीचा भाग नाही; गावाला स्वतःची इत्थंभूत माहिती असते, हाही भाग आहे. कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेला माणूस आहे, कोणती बाळंतीण माहेरी आली आहे, कोणाच्या घराची भिंत मातीची आहे, हे शेजाऱ्याला ठाऊक असते. बाहेरून आलेल्या पथकाला हे विचारूनच कळते. म्हणूनच शेजार ही आपत्ती व्यवस्थापनातील पहिली आणि सर्वांत जलद यंत्रणा मानावी लागते.

इर्जिक, सावड आणि बचत गट

पाणी ओसरल्यानंतरचे काम अधिक लांबते. शेतात साचलेला गाळ काढणे, फुटलेले बांध घालणे, विहिरी उपसणे ही एका कुटुंबाच्या आवाक्यातील कामे नव्हेत. अशा कामांसाठी ग्रामीण महाराष्ट्रात इर्जिक आणि सावड या जुन्या पद्धती आहेत. इर्जिकीत गावातील शेतकरी आपापली अवजारे आणि बैल घेऊन एकाच्या शेतात राबतात. शेतमालक त्यांना जेवण देतो. सावडीत आज तुमच्या शेतात, उद्या माझ्या शेतात असा श्रमांचा फेर असतो. गेल्या काही दशकांत या व्यवहाराला बचत गटांची जोड मिळाली. सावकाराच्या दारी न जाता गटातून दोन-चार हजार रुपये उचलता येतात, हा मोठा आधार आहे.

परंतु या सर्व व्यवस्थांचे गणित एका गृहीतकावर उभे असते. संकट एका घरावर येईल आणि बाकीची घरे सावरलेली असतील, हे ते गृहीतक. एका घराला आग लागली, एकाचा बैल दगावला, तर गाव ते दुःख वाटून घेऊ शकते. पुरात मात्र सर्वांचे शेत एकाच रात्री पाण्याखाली जाते. सगळ्याच सभासदांना एकाच आठवड्यात कर्ज हवे असते आणि हप्ता कोणालाच भरता येत नाही. इर्जिकीला बैलजोड्या उरलेल्या नसतात. ट्रॅक्टर असला, तरी डिझेलला रोख पैसे लागतात. म्हणजे शेजारधर्म कमी पडतो तो आपुलकीच्या अभावी नव्हे, तर शेजारीही बुडालेला असतो म्हणून.

मदतीचा परीघ

यावर उपाय एकच. मदतीचा परीघ पुराच्या परिघापेक्षा मोठा असावा लागतो. महाराष्ट्राने याची उदाहरणे पाहिली आहेत. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहर तहानलेले असताना मिरजेहून पाण्याची रेल्वे धावली. पहिल्या खेपेत सुमारे पाच लाख लिटर पाणी आले. तीन वर्षांनी, ऑगस्ट २०१९ मध्ये, सांगली-कोल्हापूरच पाण्यात बुडाले आणि राज्यभरातून मदतीचा ओघ तिकडे वळला. दुष्काळ आणि पूर एकाच वेळी सर्वत्र येत नाहीत, म्हणूनच दूरचा शेजारी उपयोगी पडतो.

सर्वांत मोठा दूरचा शेजारी म्हणजे सरकार. ७ ऑक्टोबर २०२५ रोजी राज्य सरकारने ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. केंद्राच्या निकषांनुसार कोरडवाहू पिकासाठी हेक्टरी ८,५०० रुपये मिळतात. म्हणजे एकरी साधारण ३,४०० रुपये. त्यात रब्बीच्या बियाण्यांसाठी हेक्टरी १० हजारांची भर घालण्यात आली. खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि रोजगार हमी योजनेतून तीन लाखांपर्यंतच्या कामांची घोषणा झाली. दुसरीकडे, २०२५ च्या खरिपासाठी राज्याने पीक विम्यातून स्थानिक आपत्तीचा निकष वगळला होता. त्यामुळे पूर ओसरताच शेतकऱ्याने नुकसानीची सूचना द्यावी आणि त्यावर भरपाई मिळावी, हा मार्ग त्या हंगामात बंद होता.

नोंद नसलेली माणसे

खरी मेख आहे ती नोंदीत. पंचनामा सातबारावर चालतो. बटईने किंवा मक्त्याने शेत कसणाऱ्याचे नाव सातबारावर नसते. बियाणे आणि खत त्याचे वाहून जाते, भरपाई मात्र मालकाच्या खात्यात जमा होते. शेतमजुराचे तर पीकच नसते. त्याची बुडते ती दिवाळीपर्यंतची मजुरी, आणि पीकनुकसानीच्या पंचनाम्यात तिला रकाना नाही. गोंड, कोलाम, आंध आणि बंजारा समाजांची वस्ती असलेल्या किनवट तालुक्यात आणखी एक पदर आहे. वनहक्क कायद्यानुसार केलेला दावा प्रलंबित असेल, तर कसलेल्या जमिनीचा कागद दाखविणे अवघड होते. ज्यांचा शेजाऱ्यांवरील भार सर्वाधिक, त्यांचीच सरकारदरबारी नोंद सर्वांत कमी, असे हे चित्र आहे. शिवाय गावातील मदतही नेहमीच सर्वांना सारखी पोचत नाही. वेशीबाहेरच्या वस्तीकडे ती उशिरा वळते, हे नाकारून चालणार नाही.

किल्लारीचा धडा

या पेचातून वाट कशी काढावी, याचे एक उत्तर मराठवाड्यातच आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर घरांच्या दुरुस्ती आणि मजबुतीकरणाच्या कामात 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या महिलांना 'संवाद सहायक' नेमण्यात आले. कोणाला किती रक्कम मंजूर झाली, काम कोठे अडले, हे त्या गावाला सांगत आणि गावाचे म्हणणे कचेरीपर्यंत पोचवीत. २००१ मध्ये गुजरातमध्ये भूकंप झाला, तेव्हा लातूर परिसरातील महिला तेथील महिलांना हा अनुभव सांगण्यासाठी गेल्या. शेजारधर्माला अधिकार आणि माहिती यांची जोड दिली, तर तो केवळ पहिल्या रात्रीपुरता राहत नाही, हा त्यातील धडा.

ओडिशाचा अनुभवही हेच सांगतो. १९९९ च्या महाचक्रीवादळात तेथे सुमारे दहा हजार बळी गेले. त्यानंतर निवारे बांधले गेले, गावपातळीवर स्वयंसेवक तयार झाले; २०१३ च्या 'फायलिन' वादळापूर्वी सुमारे दहा लाख लोकांना हलविण्यात आले आणि मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली.

नदीकाठच्या गावांसाठी यापेक्षा वेगळे काही नको. पूरप्रवण मंडळात बोट आणि जीवरक्षक जाकिटे पावसाळ्यापूर्वीच हवीत. धरणातून पाणी सोडण्याची सूचना तांड्यापर्यंत पोचली पाहिजे. पंचनाम्याची यादी ग्रामसभेत वाचली जावी आणि त्यात बटईदार व मजूर यांचा रकाना असावा. शहरांनीही जुन्या कपड्यांच्या गाठोड्यांऐवजी बियाणे, चारा, शालेय साहित्य आणि बचत गटांना खेळते भांडवल देण्याचा विचार करावा. तोही मागणी विचारून.

संकटात गावे एकमेकांना धरून राहतात, याचे कौतुक जरूर व्हावे. मात्र त्या कौतुकाच्या आड सरकारी यंत्रणेची जबाबदारी लपता कामा नये. पहिली रात्र शेजारी निभावून नेतील. पुढचा हंगाम उभा करण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकता येणार नाही.