चाचणीआधी समुपदेशन
१९९० साली मेरी-क्लेअर किंग यांनी स्तनाच्या कर्करोगाशी निगडित जनुकाचे स्थान १७व्या गुणसूत्रावर निश्चित केले. आज रक्ताच्या अल्पशा नमुन्यावरून त्या जनुकातील दोष कळतो. परंतु दोष म्हणजे रोग नव्हे. तो केवळ वाढलेला धोका होय. तो मातेप्रमाणेच पित्याकडूनही येतो आणि प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता ५० टक्के असते. तरीही आपल्याकडे बोल लागतो तो मुलीलाच, आणि अडते तेही तिचेच लग्न. या भयाने अहवाल दडविला गेला, तर जिला वेळीच सावध करता आले असते ती बहीण अंधारातच राहते. यास्तव चाचणीच्या आधी व नंतरही समुपदेशन अनिवार्य असावे. यंत्रे खरेदी करणाऱ्या रुग्णालयांनी प्रथम समुपदेशकांची पदे भरावीत.